मृगाचा वास आणि तव्यावरची मरळ

मृगाची पहिली सर पडते, तापलेली काळी जमीन वाफ सोडते आणि वाशीमच्या कुठल्याही ओट्यावर बसलेला माणूस बोलता बोलता थांबून खोल श्वास घेतो. हाच माणूस मे महिन्यात धरणातली रोहू घरी आणून तळतो, पहिल्याच घासाला तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "मातीचा वास मारते हो ही." दोन्ही वेळा त्याच्या नाकात शिरलेला पदार्थ एकच असतो. जून महिन्यात ज्याच्यावर आपण कविता करतो, तोच मे महिन्यात ताटात आला की आपण ताट सरकवतो.

या पदार्थाचं नाव जिओस्मिन. बारा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, एवढाच त्याचा संसार. मातीला वास कशाचा येतो, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांना जुनाच होता; फ्रान्समध्ये मार्सेलँ बेर्तलो यांनी १८९१ मध्ये त्यावर काम केलं होतं. पण तो गंध वेगळा काढून दाखवायला १९६५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशव्हालिए यांनी ते केलं. जिओस्मिन बनवतात ते स्ट्रेप्टोमायसिस कुळातले जिवाणू, आणि हे कूळ त्या विद्यापीठाच्या चांगल्या ओळखीचं होतं. क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये तिथेच, याच कुळातल्या एका जिवाणूपासून निघालं होतं. मूठभर ओली माती नाकाशी धरली की येतो तो वास एका औषधनिर्मात्या घराण्याचा आहे.

आपलं नाक या एका रेणूच्या बाबतीत अचाट तीक्ष्ण आहे. एक लिटर पाण्यात पाच-दहा नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी पुष्कळांना ते कळतं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आकडा वाचून काही डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारा दहा हजार लिटरचा टँकर घ्या. त्या अख्ख्या टँकरच्या पाण्याला मातीचा वास आणायला मिठाच्या दोन बारीक कणांइतकं जिओस्मिन पुरेल.

जिवाणूंना हा उद्योग कशासाठी? २०२० मध्ये 'नेचर मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने त्याचं एक सुरेख उत्तर दिलं. मातीत स्प्रिंगटेल नावाचे, शेपटीच्या झटक्याने उड्या मारणारे, जेमतेम दिसतील एवढे जीव असतात. जिओस्मिनचा वास त्यांना खेचून आणतो. ते येतात, जिवाणूंची वसाहत खातात आणि जाताना तिचे बीजाणू अंगाला चिकटवून, पोटातून वाहून दूर नेऊन टाकतात. फुलं मधमाशीला जे आमिष दाखवतात, त्याच जातीचा हा व्यवहार, फक्त जमिनीखालचा.

आणि पाऊस या वासाला हवेत कसा उडवतो, तेही आता चित्रित झालेलं आहे. एमआयटीमधल्या यंगसू जंग आणि कलन बुई यांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी मातीवर पडणारे थेंब टिपले. थेंब आपटतो तेव्हा त्याच्याखाली मातीच्या छिद्रांतली हवा अडकते, तिचे बुडबुडे थेंबातून वर चढतात आणि पृष्ठभागावर फुटून अतिसूक्ष्म तुषार उडवतात. सोडा-पाण्याच्या पेल्यावर नाक नेलं की जाणवतात तसे. मुसळधार पावसापेक्षा हलक्या-मध्यम सरीत हे तुषार जास्त उडतात; मृगाचे पहिले शिंतोडे जितके घमघमतात तितकी श्रावणातली झड घमघमत नाही, त्यामागे हेही एक कारण असावं. कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीच्या चकत्या पाण्यात उकळून, ती वाफ चंदनतेलात उतरवून 'मिट्टी अत्तर' विकत आले आहेत. इतकं आपलं या वासावर प्रेम. मग माशातच तो नकोसा का होतो? कारण खाण्याच्या पदार्थात माती म्हणजे सडलेपणा, असं आपली जीभ मानते. त्याला एक अपवाद आहे : बीट. बिटाच्या कोशिंबिरीतला तो मातकट दरवळ जिओस्मिनचाच, आणि बीट न आवडणाऱ्यांची तक्रार नेमकी तीच असते.

आता धरणाकडे येऊ. वाशीम जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि बसलेला पाणलोटाच्या धारेवर. इथल्या डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाते, पूर्णेला मिळते आणि तापीतून अरबी समुद्र गाठते. दक्षिणेकडची पैनगंगा आणि तिला मिळणारी अडाण यांचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी वळणं घेत बंगालच्या उपसागरात पोचतं. एकाच शिवारात पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना जातात. जाण्याआधी त्यातलं काही पाणी अडतं : वाशीम शहराला पाणी पुरवणाऱ्या एकबुर्जीत, अडाणच्या धरणात, आणि गावोगावच्या लहान तलावांत. उन्हाळ्यात ते आटत जातं, उथळ आणि कोमट होतं, त्यावर नीलहरित शेवाळाची साय धरते. शेवाळ म्हणायचं, पण हेही खरे जिवाणूच, आणि त्यांच्यातल्या काही जातीही जिओस्मिन बनवतात.

मासा ते खात नाही, श्वासातून घेतो. कल्ल्यांवरून पाणी वाहतं तेव्हा जिओस्मिन सरळ रक्तात उतरतं आणि चरबीत जाऊन बसतं, कारण त्याला पाण्यापेक्षा तेल प्रिय. म्हणून वास सगळ्यात जास्त असतो तो पोटाकडच्या चरबीत, कातडीखाली आणि अंगाच्या मधोमध जाणाऱ्या तांबूस पट्टीत. शिरणं झटपट, निघणं मात्र सावकाश. मत्स्यशेती करणारे अशा माशांना विकण्याआधी काही दिवस, कधी काही आठवडे, उपाशीपोटी स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतात. आपल्या बाजारात घमेल्यात वळवळणारी मासोळी पाहून "ताजी आहे" एवढं कळतं. ती कुठल्या पाण्यातून आली हे विचारलेलं बरं. "भाऊ, तळ्यातली हाये का नदीतली?" हा वऱ्हाडातला प्रश्न घासाघीस करण्यासाठी विचारला जातो, पण रसायनशास्त्राच्या परीक्षेतही त्याला पूर्ण गुण मिळावेत.

इथे रोहूबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण वाशीमच्या तलावात रोहू, कटला आणि मृगळ असणं ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. हे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. ते तलावात खातात, पितात, किलो-किलोंनी वाढतात, पण साचलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं, गढूळ, नुकतंच थंडावलेलं पाणी लागतं. आभाळ भरून आलं, नदी फुगली, काठांवरून पसरली की त्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरकं सोडते आणि मादी अंडी टाकते. पहिल्या पुरात प्रवाहाविरुद्ध धावणारे 'चढणीचे मासे' महाराष्ट्रात ठिकठिकाणी ठाऊक आहेत. पोटात गाभोळी असलेल्या त्या माशांना तेव्हाच पकडणं म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणं दळून खाणं, हे मी जाता जाता सांगून ठेवतो. तलावात मात्र तो पूर येत नाही. मग माणसाने काय केलं? १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माशाच्या पीयूषिकेचा अर्क दुसऱ्या माशाला टोचून त्याच्याकडून वीण करवून घेतली. सुईच्या टोकातून पूर आणला, असंच म्हणायचं! त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. मच्छीमार संस्था ठेक्याच्या तलावात दरवर्षी जी बोटुकली सोडतात, तिचा जन्मदाखला त्या सुईपाशी जातो.

रोहूचा रस्सा उत्तम. पण तव्यावर तळायला, आणि तेही वर फळांची आंबटगोड कोशिंबीर घालून खायला, रोहू मला नको वाटते. तिच्या मांसात इंग्रजी 'वाय'च्या आकाराचे सुटे काटे असतात. रश्शात बोटांनी ते काढता येतात, कोशिंबिरीबरोबर घास घेताना नाही. त्या कामाला मरळ. काटे मोजके, मांस पांढरंशुभ्र आणि घट्ट, आणि विदर्भात तिचा भाव तिच्या कीर्तीला साजेसा. मरळ मिळाली नाही तर चिलापी चालेल, तिचे दोन काप काट्यावरून सुरीने सोडवून घ्यायचे. शहरात गोठवलेला बासा मिळतो, तोही चालेल, जरी त्याला स्वतःची चव म्हणून फारशी नसते.

मरळीचं जगणंच एक नवल आहे. ती हवेत श्वास घेते. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत तिला एक जादा इंद्रिय असतं. मधून मधून पृष्ठभागावर येऊन ती हवेचा घोट घेते, आणि तसं करू दिलं नाही तर हा मासा पाण्यात गुदमरून मरतो. तलाव आटला की ओल्या चिखलात दडून ती दिवस काढते. पिल्लं केशरी-तांबडी असतात, पाण्यावर त्यांचा गुंता तरंगतो आणि आईबाप खालून पहारा देतात. हैदराबादला दरवर्षी मृग लागताना दम्याच्या रुग्णांना औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात, त्यासाठी हजारोंची गर्दी लोटते. दमा त्याने बरा होतो असं वैद्यकाने सिद्ध केलेलं नाही; पण हवेत श्वास घेणारा मासा दम्यासाठी ज्याने कुणी निवडला, त्याच्या कल्पनाशक्तीला दाद द्यायला हवी.

तिचं मांस पांढरं का? पांढरे स्नायू झटक्यासाठी असतात : दबा धरून बसायचं, एकदम झेपावायचं, पुन्हा निवांत. बांगडा किंवा कुपा दिवसरात्र पोहतो. त्याला सतत प्राणवायू लागतो, तो साठवणारं तांबडं मायोग्लोबिन त्याच्या स्नायूंत भरलेलं असतं, म्हणून ते मांस गडद. मरळ आळशी शिकारी, म्हणून पांढरी. शिवाय पाण्यात देहाचा भार पाणीच पेलतं, त्यामुळे बोकडाच्या मांडीत असतात तसे चिवट बंध माशाला लागत नाहीत. त्याचे स्नायू छोट्या छोट्या पदरांत रचलेले असतात आणि दोन पदरांमध्ये कोलॅजनचा पातळ पडदा. बोकडाचं कोलॅजन विरघळायला तासभर रटरट शिजवावं लागतं. माशाचं पन्नास अंशांच्या आसपास सैल पडतं आणि पदर आपोआप सुटे होतात. माशाच्या प्रथिनांची घडी तर चाळीस-पन्नास अंशांच्या दरम्यानच उलगडू लागते. वाशीमचा मे महिना आठवा : बाजारातून पिशवीत मासा आणताना तो बिनबर्फाचा ठेवला, तर चुलीआधीच त्याचं मांस बिघडायला लागतं.

आणि आता तो मातीचा वास. इथे आंबट येतं. आम्लाच्या सहवासात जिओस्मिनचा रेणू पाण्याचा एक रेणू गमावतो आणि त्याचं रूपांतर ज्या पदार्थात होतं त्याला वासच नसतो. लिंबू, चिंच, आमसूल, ताक यांत मासा घोळवून ठेवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायकांनी हा रेणू कधी पाहिला नव्हता. तो घालवायचा कसा हे त्यांना पाठ होतं. समुद्रातल्या माशाचा उग्र वास वेगळा, तो ट्रायमिथाइलअमाइनचा. आम्ल त्यालाही बांधून ठेवतं, उडू देत नाही. म्हणजे मालवणच्या सुरमईवर पिळलेलं लिंबू आणि मंगरूळपीरच्या मरळीवर पिळलेलं लिंबू दोन निरनिराळ्या शत्रूंशी लढत असतं. सगळं जिओस्मिन अशाने जातंच असं नाही. म्हणून पोटाची चरबी आणि तांबूस पट्टी सुरीने काढून टाकायची, जमलं तर कातडीही.

अर्धा किलो मरळीच्या बोटभर जाड तुकड्या, एक मोठं लिंबू, चमचाभर मीठ, अर्धा चमचा हळद. दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. आम्ल प्रथिनांची घडीही मोडतं. तासभर ठेवलंत तर तुकड्या कडेने पांढऱ्याफटक आणि भुसभुशीत होतात, न शिजताच शिजल्यासारख्या. पेरूमध्ये समुद्री मासा असाच लिंबात 'शिजवून' खातात. गोड्या पाण्यातल्या माशाशी हा खेळ करू नये, कारण त्यातले परजीवी लिंबाला भीत नाहीत, विस्तवालाच भितात.

मग तुकड्या धुऊन, सुती फडक्याने अगदी कोरड्या टिपायच्या. हा सगळ्या कृतीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. पाणी तीस अंशांवरून शंभरावर न्यायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटीहून जास्त त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ओला मासा तव्यावर टाकला की तव्याची सगळी ताकद पाणी उडवण्यात खर्च होते, पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि मासा तळला न जाता वाफाळतो. आपल्याला हवा असतो तो तांबूस खरपूसपणा, आणि तो साधारण एकशे चाळीस अंशांपुढे झपाट्याने येतो. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि शर्करा एकत्र येऊन शेकडो नवे गंध घडवतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, तव्यावरची मरळ, तिघांचा खमंगपणा याच क्रियेतला.

वर तिखट, मीठ आणि ज्वारीचं पीठ. रवा चालतो, तांदळाचं पीठही, पण वऱ्हाडात असून ज्वारीकडे कशाला पाठ फिरवायची? तिच्यात गव्हासारखं चिकट ग्लुटेन नाही, त्यामुळे कवच चामट न होता कुरकुरीत राहतं. आलं-लसणाचं वाटण लावायचं असेल तर लिंबासोबत लावून धुण्याआधी काढून टाका; तव्यावर लसूण माशाच्या आधी करपतो आणि कडू होतो.

तवा लोखंडी, जाड. तो तापला का हे पाहायला घरोघरी पाण्याचा शिंतोडा मारतात. थेंब पसरून चर्र झाला तर तवा कमी तापलाय. थेंब गोळी होऊन इकडून तिकडे नाचू लागला तर तवा दोनशे अंशांच्या घरात गेलाय : थेंबाखालचं पाणी क्षणात वाफ होतं आणि उरलेला थेंब त्या वाफेच्या गादीवर तरंगतो. योहान गॉटलोब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये हे लिहून ठेवलं म्हणून त्याचं नाव लागलं. थेंब नाचला की पाणी पूर्ण उडू द्या, आच किंचित उतरवा, आणि मग तेल. इथे सोयाबीनचं तेल घरचंच म्हणायला हरकत नाही, जिल्ह्याचं शिवार खरिपात सोयाबीननेच भरलेलं असतं. जुन्या माणसांना करडईच्या तेलाची आठवण येईल. मिळालं तर जरूर वापरा.

तुकडी टाकली की पहिल्या मिनिटात ती तव्याला चिकटते. हात शिवशिवतात, उलथनं पुढे सरसावतं. थांबा. माशाची प्रथिनं गरम धातूला प्रत्यक्ष जोडली जातात. ओढून काढलंत तर मांस तव्यावर राहतं आणि हातात चिंध्या येतात. दोन-तीन मिनिटांत कवच वाळून कडक झालं की पकड आपोआप सुटते, तवा हलवला तर तुकडी सरकते. मासाच सांगतो मला उलटा म्हणून. एकदाच उलटायचं, दुसऱ्या बाजूला वेळ थोडा कमी. तव्यावर गर्दी करू नका, नाहीतर पुन्हा वाफेचंच राज्य. बोटाने हलकं दाबल्यावर पदर सरकले आणि आत काचेसारखा पारदर्शक भाग उरला नाही, की झालं.

राहिली फळांची कोशिंबीर. मेक्सिकोत टोमॅटो, कांदा, मिरची आणि कधी आंबा किंवा अननस चिरून साल्सा करतात आणि तो माशावर घालतात. कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही, कोशिंबीर हे आपलं जुनंच खातं आहे आणि आपली मिरची तरी कुठून आली? त्याच बाजूच्या मुलखातून, पोर्तुगीजांच्या गलबतांनी. वाशीममध्ये मात्र या कोशिंबिरीचा नायक संत्रं. मंगरूळपीर-कारंज्याकडे संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्याच्या झाडाइतकं दुहेरी आयुष्य क्वचितच कुणी जगत असेल. त्याचं मूळ बहुधा जंभेरीचं, म्हणजे एका आंबट, खडबडीत सालीच्या लिंबाचं. त्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरलेला. जमिनीखाली लिंबू, जमिनीवर संत्रं.

फुलं आणण्यासाठी शेतकरी बागेला 'ताण' देतो. पाणी तोडतो, पानं मलूल होईपर्यंत झाडाला तहानलेलं ठेवतो. मे महिन्याच्या उन्हात असा ताण बसला आणि मृगाचा पाऊस आला की सुटकेच्या भरात झाड फुलांनी लगडतं; तो मृग बहार, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चकडे येतात. म्हणजे बघा, एकच पाऊस : त्याने मातीचा वास उडवला, नदीतल्या रोहूच्या डोक्यात विणीची घंटा वाजवली, आणि संत्र्याच्या कळ्या उघडल्या. आठ-नऊ महिन्यांनी हे तिघे एका ताटात भेटतात तेव्हा ते अनोळखी नसतात. दुसरा आंबिया बहार थंडीत ताण घेतो, फेब्रुवारीत फुलतो आणि दिवाळीच्या मागेपुढे बाजारात येतो. तो चवीला जरा आंबट, म्हणून खाणारे मृगाला जास्त मान देतात. माशासाठी मी आंबियाच घेईन. नुसत्या गोड फळापुढे तळलेला मासा मुका होतो.

संत्र्याची फोड सोला आणि आतले रसाचे दाणे उजेडात धरा. वनस्पतिशास्त्र सांगतं की हे दाणे म्हणजे केस आहेत. फोडीच्या भिंतीवरून आतल्या पोकळीत वाढलेले, टोकाला फुगून रसाने भरलेले केस! आपण संत्रं खातो म्हणजे शेकडो फुगीर लव चघळतो. कोशिंबिरीत हे दाणे अखंड राहायला हवेत, म्हणजे दातांखाली एकेक फुटून रस सांडतो. त्यासाठी फोडीचं पातळ आवरण सोलून गर बोटांनी मोकळा करायचा, सुरीने चिरायचा नाही. तीन संत्र्यांचा गर, मूठभर डाळिंबाचे दाणे, अर्धा कांदा अगदी बारीक, एखादी हिरवी मिरची, कोथिंबीर, भाजलेल्या जिऱ्याची पूड. मीठ अगदी वाढताना, कारण मीठ पेशींतलं पाणी ओढून बाहेर काढतं आणि पाच मिनिटांत कोशिंबिरीचं सरबत होतं.

ती आधी करून ठेवू नये याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात गमतीचं वाटतं. संत्र्याच्या गरात एक बेचव पदार्थ असतो. गर चिरडला, रस निघाला की त्यातलं आम्ल या पदार्थाला गाठतं आणि त्याचं हळूहळू लिमोनिन बनवतं. लिमोनिन कडू. सकाळी काढलेला गोड रस संध्याकाळी कडवट लागतो तो त्यामुळे. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीत भरणाऱ्या उद्योगाची ही जुनी डोकेदुखी आहे. जे आम्ल माशातला नकोसा वास पुसून टाकतं, तेच संत्र्यात नसलेला कडूपणा घडवतं.

एप्रिल-मेमध्ये संत्री नसतात. त्या दिवसांत मासा जास्तीत जास्त मातकट असतो, आणि नेमकी तेव्हाच कैरी आंबटपणाच्या शिखरावर असते. बारीक चिरलेली कैरी, थोडा गूळ, कांदा, पुदिना. लिंबाची गरजही पडत नाही. हिवाळ्यात पेरू चालतो. पपई आणि अननस घालायचे तर शेवटच्या क्षणी, त्यातली विकरं प्रथिनं चिरत सुटतात आणि माशाचा लगदा करतात. सीताफळाच्या वाटेला जाऊ नका. वाशीमच्या डोंगरातलं सीताफळ स्वर्गीय असतं, पण त्याला आंबटाचा स्पर्शच नाही; माशासोबत ते दोघांचाही अपमान करतं.

वाढताना कोशिंबीर माशावर न ओतता शेजारी ठेवा. एवढ्या कष्टाने कोरडं केलेलं कवच रसाने दोन मिनिटांत मऊ पडतं, शिवाय गरम तुकडी आणि गार संत्रं हा फरक जिभेवरच व्हायला हवा, ताटात नाही. सोबत ज्वारीची भाकरी. एखादी तुकडी उरलीच तर सकाळी तव्यावर बिनतेलाची परतून घ्या, चांगली लागते. उरलेली कोशिंबीर मात्र रात्रीच संपवा. सकाळपर्यंत लिमोनिनने तिचा ताबा घेतलेला असेल.